स्वराजची 'थेट चढाई'

स्वराज वारूळवाडीचा. शाळेच्या कबड्डी संघात तो तीन वर्षं होता आणि तिन्ही वर्षं बाकावर होता. हे मी सांगू शकते, कारण मुलांचा संघ तेव्हा मीच सांभाळायचे. चढाईला पाठवलं की मध्यरेषा ओलांडायचा, दोन पावलं नाचायचा आणि परत यायचा. पण बाकावर बसून तो जो आरडाओरडा करायचा, त्याला तोड नव्हती. समोरचा संघ बिचकायचा, आमच्या पोरांना चेव यायचा. देवानं त्याला पाय दिले नव्हते, गळा दिला होता.

त्या गळ्यावर तो पुढे जगला. बैलगाडा शर्यतीच्या घाटात माईकवर त्याचा आवाज घुमायला लागला. बारी, म्हणजे गाड्याची फेरी, सुटली की बैलांच्या आधी हा पळायचा. मग कबड्डीच्या स्पर्धा, टेनिस बॉलची क्रिकेट, सगळीकडे स्वराज. पुढे सगळ्यांनी मोबाईलवर बोलून ते लोकांना ऐकवायला सुरुवात केली, तशी त्यानंही केली. पॉडकास्टचं नाव ठेवलं 'थेट चढाई'. खेळ आणि राजकारण, दोन्हीवर बोलणार म्हणाला. "आपल्याकडं दोन्ही एकाच मैदानावर चालतात, राव," हे त्याचं आवडतं वाक्य.

नाव झालं ते कुंडलिकशेठमुळं. शेठ म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. पतसंस्था त्यांची, ट्रॅक्टरचं शोरूम त्यांचं, कबड्डी संघटनेचं अध्यक्षपद त्यांचं, आणि कबड्डीशी संबंध एवढाच की बक्षीस देताना हात पुढे. स्वराजनं त्यांना बोलावलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "शेठ, मंचरला पोरांसाठी मैदान देणार व्हता. तिथं कांद्याची वखार कशी उगवली?"

शेठ पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. मग म्हणाले, "वखारीत पन पोरंच काम करत्यात की."

ते वाक्य तालुकाभर पोचलं. पानाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात लोक तेच ऐकत होते. मीसुद्धा शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं लावलं होतं. वाटलं, बाकावरचं पोरगं अखेर मैदानात उतरलं.

शेठ चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते मुरलेले. त्यांनी स्वराजला मळ्यावर मटणाला बोलावलं. पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझ्यासारखी निर्भीड पोरं पायजेत आमाला." महिन्याभरात हायवेला, शोरूमच्या वरच्या मजल्यावर, स्टुडिओ तयार. भिंतींना काळा फोम, एसी, लाल सोफा. त्या सोफ्यावर बसल्यावर स्वराजचे प्रश्नही सोफ्यासारखे झाले. बसणाऱ्याला कुठंच टोचू नये असे.

"शेठ, या वयात एवढी ऊर्जा आणता कुठून?"

"शेठ, तुमच्या यशात वहिनींचा वाटा किती?"

एकदा तर विचारलं, "शेठ, तुमाला राग येतच न्हाई का?" शेठ हसले. स्वराजही हसला. शेठ थांबले तेव्हा तोही थांबला.

याच सुमारास आरतीचं प्रकरण झालं.

आरती शिनोलीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवरची. बाप भागू, आई सोनीबाई. भाताची चार खाचरं, नाचणीचा उतार, एवढा संसार. पोरगी आमच्या मुलींच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यात उभी राहायची. घोट्याला हात घातला की समोरची मुलगी हलायची नाही. माझ्या हाताखालून अनेक मुली गेल्या, पण अशी पकड मी पाहिली नव्हती. जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिचं नाव मैदानावर पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी संघाचा फोटो आला, त्यात आरती नव्हती. तिच्या जागी शेठच्या बहिणीची मुलगी होती. ती पोर चाचणीला आलीच नव्हती.

मी संघटनेत गेले. तिथं सांगितलं, "वरून आलंय." मग स्वराज आठवला. माणूस बदलला असला तरी ज्याला बाक ठाऊक आहे त्याला हे कळेल, असा माझा हिशेब. मी आरतीला घेऊन स्टुडिओत गेले.

स्वराजचे डोळे चमकले. "शीलाताई, धुरळा उडवू," म्हणाला. त्यानं तासभर रेकॉर्ड केलं. आरतीनं सगळं सांगितलं, न रडता. शेवटी म्हणाली, "माझी जागा परत नगं मला. कुणी घेतली तेवढं त्यांनी सगळ्यांम्होरं सांगावं." स्वराजनं मान हलवली. कानावरचा हेडफोन काढून डोळे पुसले. मला तेव्हा ते अश्रू वाटले. एसीचा गारठा असेल.

आठवड्यानं भाग आला. नाव होतं, 'डोंगरातली वाघीण: शेठनी घडवलेली आरती'. तासाभरातली दहा मिनिटं उरली होती. त्यात आरती सांगत होती की संघटनेनं बूट दिले, मॅट दिली, शेठ स्पर्धा भरवतात. पुढची सगळी वाक्यं गायब. मागं बासरी.

भागू दुसऱ्या दिवशी शाळेत आला. पायरीवर बसला, आत येईना.

"बाई, वाडीतली लोकं म्हनत्यात, तुजी पोर शेठला विकली गेली. ती असं बोल्ली का?"

"ती यापुढचंही बोलली होती, भागूदादा. ते कापलं."

"कापाया ते काय गवत हाय?" एवढं म्हणून तो उठला आणि गेला.

आठवड्यानं मी स्वराजला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, बिग पिक्चर बघा. शेठशी संबंध राहिले तर उद्या धा आरत्यांना फायदा हुईल. आन् तिला वाघीण म्हनलंय की मी!"

"ती पोरगी आठ दिवस घराबाहेर पडली नाही, स्वराज."

"व्ह्यूज बघा ना तिचे," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. शिवी द्यायची तरी समोरच्याची थोडी किंमत असावी लागते.

पुढं निवडणुका तोंडावर आल्या, शेठ स्वतः उभे राहिले, तशी त्यांनी मंचरला कबड्डी स्पर्धा भरवली. उद्घाटनाला गंमत म्हणून एक सामना ठेवला: पत्रकार विरुद्ध शाळेच्या मुली. मुली आमच्याच. पंच म्हणून मला बोलावलं. आरतीला विचारलं, "येणार?" ती म्हणाली, "यीन की."

स्वराज पांढऱ्या टी-शर्टमध्ये, कॉलरला छोटा माईक लावून आला. सामना त्याच्या पॉडकास्टवर थेट जाणार होता, आणि तोच आवाज मैदानावरच्या कर्ण्यांतूनही. पुढच्या रांगेत शेठ, पाहुणे, त्यांच्या मागं सगळं मंचर.

पहिली चढाई त्यानंच घेतली, आणि आपल्याच चढाईचं समालोचन सुरू केलं. "कबड्डी कबड्डी, आन् स्वराज आत शिरलाय, कबड्डी, डाव्या कोपऱ्यात आपली वाघीण उभी हाय मंडळी..." नियमानं त्याचा दम तिथंच तुटला होता. मी शिट्टी वाजवायला हवी होती. नाही वाजवली. खिशातच ठेवली, आणि आजही मला त्याचं समाधान आहे.

तो बोनस गुण घेतल्याचं दाखवायला एक पाय उचलून नाचला. आरतीनं दुसऱ्या पायाचा घोटा धरला. तो आडवा झाला, आणि बाकीच्या मुली त्याच्यावर आल्या. मैदान हसत होतं. शेठ पोट धरून हसत होते.

तेवढ्यात कर्ण्यातून आरतीचा आवाज आला. तिनं त्याचा घोटा पाठीकडं मुडपून धरला होता, आणि तिचं तोंड त्याच्या कॉलरजवळ होतं.

"दादा, जे कापलं ते बोला."

"अगं सोड! सोड की, पाय..."

"बोला की. माझ्या जागी कोन गेलं?"

"आता हितं? अगं, शेठची भाची हाय ती! शेठनी सांगितलं काप, मी काय करनार? मला स्टुडिओ पायजे का नको?"

कर्ण्यांनी प्रत्येक शब्द चोख पोचवला. हसणं थांबलं. पोट धरलेले शेठचे हात तसेच पोटावर राहिले. आरतीनं घोटा सोडला, उभी राहिली, गुडघ्यांची माती झटकली आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तेव्हा मी शिट्टी वाजवली. चढाईपटू बाद.

गर्दीत मागं भागू होता. त्यानं काही केलं नाही. शेजारच्या वाडीकऱ्याला फक्त विचारलं, "आयकलं का आता?"

आता कुणाला वाटेल, शेठ पडले असतील. ते अशानं पडत नाहीत. त्यांनी लगेच माईक घेतला, "मला हे ठावंच न्हवतं" म्हणाले, चौकशी जाहीर केली आणि आरतीला व्यासपीठावर बोलावलं. ती गेली नाही. चौकशीचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही. भाची स्पर्धेला गेली, पहिल्या सामन्यात घाबरून बसली. पोरीचा तरी काय दोष. शेठ निवडून आले, मतं थोडी घटून.

स्टुडिओला मात्र त्याच संध्याकाळी कुलूप लागलं. स्वराजचा लाल सोफासुद्धा आत राहिला. मला वाटलं, आता तरी हा घरी बसून विचार करील. पंधरवड्यात तो शेठच्या विरोधकाच्या बंगल्यात दिसला. हाच तो विरोधक, ज्याला त्यानं मागच्या भागांत 'पडीक आमदार' म्हटलं होतं. नवा सोफा निळा होता. पहिला प्रश्न मी ऐकला: "साहेब, एवढी ऊर्जा आणता कुठून?"

दिवाळीनंतर शेठच त्या विरोधकाच्या पक्षात गेले. मग निळ्या सोफ्यावर दोघं शेजारी बसले, आणि समोर स्वराज, दोघांकडं आळीपाळीनं बघून हसताना. कुणाकडं आधी बघावं हे कळेना, म्हणून मान सारखी हलत होती. लोक आता ऐकतात ते करमणूक म्हणून. घाटात त्याला कुणी माईक देत नाही. एका गाडामालकानं तोंडावर सांगितलं, "तू बारी कुनाची लागली ते बी इकशील, राव."

आरती त्या वर्षी घरीच राहिली. नाचणी काढली, आणि रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर येत राहिली. पुढच्या चाचणीला निवड समिती बाहेरच्या जिल्ह्यातली होती. तिची जागा तिला मिळाली, आणि तिच्या खेळावर पुण्याच्या एका क्लबनं तिला बोलावून घेतलं.

परवा ती सुट्टीला आली होती, लहान मुलींना पकड शिकवत होती. माझा फोन वाजला. स्वराज.

"शीलाताई, आरती हाय का तिथं? एक मुलाखत पायजे व्हती. मागचं सगळं क्लिअर करू. लई भारी एपिसोड व्हईल."

मी फोन तिच्या हातात दिला. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"दादा, मला पोरींचा सराव घ्यायचाय," म्हणाली, फोन मला परत दिला आणि पुढच्या मुलीला म्हणाली, "तू ये. पाय नीट रोवून हुभी राहा."