वाढत्या अंगाची सायकल

काटेवाडीत विजयसिंहांच्या पोर्चमध्ये, छताच्या कडीला जी उलटी टांगलीय, ती मी. आलेले पाहुणे मान वर करून विचारतात, "ही सायकल अशी का लटकवलीय?" घरातले चहा आणायला म्हणून आत जातात. तेव्हा आज मीच सांगते.

खरं तर मी सायकल नाहीच. शर्यतीच्या सायकलची मी नुसती फ्रेम. चाकं, सीट, चेन केव्हाच निघून गेली. मी कार्बनची आहे. केसाहून बारीक धाग्यांचे थर डिंकासारख्या रसायनात भिजवून साच्यात बसवले, भट्टीत भाजले आणि मी झाले. मग माझ्या अंगावर एक आकडा चिकटवला, छप्पन. ते माझं माप. चांगल्या उंच माणसासाठी मी घडले होते. पण कुणाच्या वाट्याला जायचं, हे आमच्या हातात कुठे असतं?

पुण्याच्या दुकानात एका दुपारी विजयसिंह, त्यांचे थोरले भाऊ दत्तोबा आणि विजयसिंहांची लेक स्वरूपा आले. स्वरूपा सतरा वर्षांची, उंचीनं बेताची. मामाच्या जुन्या लोखंडी सायकलवर तिनं तालुक्याची शर्यत मारली होती. आता राज्याच्या संघाची निवड चाचणी होती, आणि त्या संघात जायचं सोडून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दुकानदारानं तिला माझ्यावर उभी केली. दांडी लागू नये म्हणून ती टाचा उचलून राहिली. बसवली तर हँडलपर्यंत हात ताणून ताणून थकले. त्यानं मान हलवली आणि एक छोटी अॅल्युमिनियमची सायकल खाली काढली. त्या सायकलवर स्वरूपा बसली आणि तिचे खांदे सैल झाले. मला हेवा वाटला, पण खोटं कशाला बोलू, ती त्याच सायकलची होती.

"हे कशाचं?" दत्तोबांनी विचारलं.

"अॅल्युमिनियमचं, तात्या," दुकानदार म्हणाला.

"म्हंजे दुधाच्या कॅनचं? आमच्या गोठ्यात ढीग पडलाय. पोरीला त्यावर बसवून काय डेअरीला धाडायची?" आणि त्यांनी मला एका बोटावर उचललं. "ही बघ विजू. फुलावानी हाय."

"आधी माप बघा, मग माल," दुकानदार म्हणाला. "कार्बनची तिच्या मापात आत्ता माझ्याकडे नाही."

विजयसिंह हसले. "वाढतं अंग हाय वो तिचं. शाळंचा ड्रेस बी आमी कायम दोन बोटं मोठाच शिवला. अंग भरलं की आपसूक बसतो."

"पप्पा, हात पोचंना माझं."

"पोचतील की गं. सवय झाली की पोचतील."

ह्यात चिकटपणा नव्हता बरं का. ह्या घरात चपलासुद्धा पुढं बोटभर जागा ठेवून घेतात. लेकीला सगळ्यात भारी द्यायचं आणि ते तिला पुरून उरावं, एवढीच बापाची हौस. दुकानदारानं हँडलचा दांडा आखूड बसवला, सीट होईल तेवढी खाली केली आणि हात झटकले.

घरी माझी पूजा झाली. झेंडूचा हार, कुंकू, नारळ. त्याच दिवशी मामाची लोखंडी सायकल भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली. ती वळणाआड जाईपर्यंत स्वरूपा बघत होती. "नाकापरीस मोती जड झाला ह्यो," तिची आई संजीवनी पुटपुटली. दत्तोबांनी तिच्याकडे पाहिलं, तशी ती पूजेचं ताट उचलून आत गेली.

त्यानंतर दर महिन्याला विजयसिंह स्वरूपाला पोर्चच्या खांबाला टेकवून उभी करायचे आणि डोक्याच्या टोकाला पेन्सिलनं रेघ मारायचे. संजीवनी दुधात तूप घालून द्यायची. पण रेघ काही वर सरकेना. एकीवर एक बसत बसत त्यांची एकच जाड काळी रेघ झाली. तरी विजयसिंह म्हणायचे, "आमच्यात उशिरा वाढत्यात."

रोज पहाटे आम्ही भवानीनगरच्या रस्त्यानं जायचो. स्वरूपा सीटच्या टोकावर सरकून बसायची. मान अवघडायची, बोटं बधिर व्हायची. ब्रेक लांब पडायचा, म्हणून ती हँडल आतल्या बाजूला, ब्रेकपासून दूरच धरायची. एकदा तिनं सांगून पाहिलं. पण सगळ्या गावानं मला बघून वाखाणलं होतं. मोठ्या मापाची आहे म्हणून परत कशी नेणार? आईनं पाठीला तेल चोळलं आणि विषय मिटला.

चाचणी इंदापूरच्या रस्त्यावर होती. स्वरूपा पुढच्या घोळक्यात होती. तिचे पाय चांगले होते हो, फार चांगले. उतारावरच्या वळणावर पुढची मुलगी पडली. स्वरूपाचे हात ब्रेककडे धावले आणि उशिरा पोचले. आम्ही दोघी डांबरावर आपटलो. तिचं उजवं मनगट मोडलं. निवड गेली, आणि पुढच्या वर्षी वयाची अट आडवी आली.

मीही तडकले होते. लोखंड वाकतं, अॅल्युमिनियमला पोचा पडतो, ते डोळ्यांना दिसतं. माझी चीर रंगाखाली लपते. "काय झालं न्हाय, रंग खरवडलाय," दत्तोबा म्हणाले. विजयसिंह मात्र मला पुण्याला घेऊन गेले. दुकानदारानं नाण्यानं ठोकून पाहिलं. एके ठिकाणी आवाज बद्द आला. "हिच्यावर आता कुणाला बसवू नका," तो म्हणाला. विजयसिंहांनी तिथंच विचारलं, "पोरीचं माप नेमकं किती वो?" बैल गेला नि झोपा केला. त्या संध्याकाळी त्यांनी मला इथं टांगलं. स्वरूपा परत सायकलवर बसली नाही.

ह्याला चार वर्षं झाली. आता तिचं लग्न ठरलंय. काल साखरबाई ब्लाउजचं माप घ्यायला आल्या. इथंच, माझ्याखाली, खांबाशेजारी. स्वरूपानं हात पुढे केले. उजवं मनगट अजून जरा वाकडंच आहे.

"लग्नाला टाइम हाय. जरा सैल ठिवू का? अंग भरंल," साखरबाईंनी सवयीनं विचारलं.

खुर्चीतून विजयसिंह एकदम म्हणाले, "न्हाय. तिला इचारा. तिच्या अंगाबरोबर शिवा."

स्वरूपानं वर माझ्याकडं पाहिलं, मग बापाकडं. "आता इचारताय व्हय, पप्पा?"

आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं. ते उठून गोठ्याकडं गेले आणि जेवणाची हाक आली तरी परतले नाहीत.

परवा रंगारी येणार आहे. मांडवाआधी घराला रंग द्यायचाय. मला काढून भंगारात द्यायची असेल तर खुशाल द्या, मी कुणाच्या उपयोगाची राहिलेली नाही. पण खांबावरची ती काळी रेघ तेवढी पुसू नका. ह्या घरात माझ्या स्वरूपाचं खरं माप तेवढ्या एकाच जागी लिहिलेलं आहे.