निळा रांजण

मी तापट बाई हाय, हे आधीच सांगते. मालक म्हणायचे, "भिमाबाई, तुझ्या डोक्यावर भाकर भाजंल." ते एसटीत कंडक्टर व्हते. ते गेले आन् मी वडवणीच्या स्टँडाच्या जरा पुढं, कडूलिंबाखाली, त्यांच्या नावानं पाणपोई घातली. मोठा रांजण, चार स्टीलचे गिलास, आन् मी. आठ उन्हाळे झाले.

भर दुपारी तिथं बसलं की माणूस धड झोपत न्हाई, धड जागं न्हाई. डांबरी रस्त्यावर पाणी पसरल्यावाणी दिसतं आन् त्यातून एसटी तरंगत येते. वाटतं, आता मालक तिकिटाची पेटी खांद्याला लावून उतरतील. रांजण पाझरायचा, खालची वाळू ओली राहायची, त्या ओलीत चिमण्या पोट टेकून बसायच्या. ओल्या मातीचा वास यायचा. मला ते लई आवडायचं.

औंदा चौदा एप्रिलच्या आधी माझ्या पोरानं, अनिलनं, रांजणाला निळा ऑइलपेंट दिला. चांगले दोन हात. वर पांढऱ्या अक्षरात जय भीम, खाली बापाचं नाव, सर्जेराव. लोक थांबून फोटो काढायचे. माझा ऊर भरून आला.

आन् त्याच आठवड्यापासून लोक पाणी पिईनात. गिलास तोंडाला लावायचे, घोटभर घ्यायचे, बाकीचं लिंबाच्या बुडात ओतून समोरच्या दुकानात बाटली घ्यायचे. बाकीच्यांचं मी मनाला लावून घेतलं नसतं. पण कौशल्यानं तेच केलं.

कौशल्या माझ्याच वयाची. बाजारच्या दिवशी खेड्यातून कोथिंबीर विकायला येते. आठ वर्षं माझ्याकडं दोन गिलास पिऊनच घरी जायची. त्या दिवशी तिनं रांजणाकडं बघितलं, एक घोट घेतला, उरलेलं ओतलं आन् नजर चुकवून गेली.

माझ्या डोक्यात एकच आलं. रंग बघून फेकलं. माझी आई विहिरीपाशी ओंजळ धरून उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचं. तिच्या लुगड्याला धरून मी ते बघितलंय. पुढच्या बाजारी कौशल्या म्हणाली, "भिमे, बरी हायस का?" मी तोंड फिरवलं. घरी येऊन अनिलला सांगितलं, हा आठवडा भरला की पाणपोई बंद. मला लई वाईट वाटलं, पण बंद म्हणजे बंद.

अनिलची पोरगी आम्रपाली माजलगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती सुट्टीला आलती. दुपारी लिंबाखाली माझ्यापाशी येऊन बसली, सगळं ऐकलं आन् म्हणाली, "आजी, चिमण्या कुठं गेल्या?"

"मला काय माहीत!"

"त्यांनीपण रंग बघितला का?"

"चहाटळपणा करू नको," मी वरडले. पण तिनं वाळूत बोट घातलं. कोरडी ठणठणीत. मग गिलास भरून माझ्या हातात दिला. मी घरून फ्रिजातली बाटली नेते, रांजणातलं कधी पितच न्हाई. घोट घेतला. नुसती चहापत्ती टाकायची राहिली व्हती!

तिनं माझा पदर भिजवून मनगटाला गुंडाळला. वारा आला तो झळांचा, पण मनगट गारेगार.

"पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा उष्णता सोबत नेतं," ती म्हणाली. "सगळ्यात तापलेले, पळापळ करणारे कण आधी निसटतात. मागं राहतात ते निवांत, म्हणून उरलेलं पाणी गार. रांजणाला बारीक छिद्रं असतात, त्यातनं पाणी बाहेर येऊन उडत राहतं. पप्पांनी ऑइलपेंटनं ती बुजवली. रांजणाला घामच येईना."

मी डोळे मिटून ऐकत व्हते. तापलेले आधी जातात म्हणं. मग मालक कावून आधी गेले? निवांत तर ते व्हते, तापट मी. हे गणित मला काही जुळलं न्हाई.

"आन् कौशल्या?" मी विचारलं.

"ते काही रांजण सांगणार नाही, आजी. तिलाच विचार."

नवा रांजण आणला. निळा रंग अनिलनं आता नावाच्या लाकडी फळीला दिला. तिसऱ्या दिवशी रांजण पाझरला आन् दोन चिमण्या आल्या.

बाजारच्या दिवशी कौशल्या रस्त्याच्या पलीकडून चाललती, मान खाली घालून, रिकामी पाटी काखंत.

"कौसे!" मी हाक मारली. ती आली. मी सरळ विचारलं, "त्या दिवशी पाणी कावून ओतलं?"

"अगं बाई, जिभंला चटका बसला. तुझ्या मालकाच्या नावाचं पाणी, गरम हाय म्हणायचं कसं? आन् तू तर तोंडच फिरवलंस. वाटलं, आता काय भिमी आपल्याला पाणी देत न्हाई."

असं म्हणून ती गिलासांपासून लांबच वाकली आन् तिनं ओंजळ पुढं धरली.

माझी आईच समोर उभी राहिली.

"ओंजळ खाली घे आधी!" मी वरडले, आन् रडू फुटलं. "गिलास घे."

ती दोन गिलास घटाघटा प्याली. तिसरा भरून तिनं माझ्या हातात दिला. गार व्हतं.