कोठडीबाहेरचा बाक

मित्रांनो, बाक म्हटलं की तुम्हाला वर्ग आठवत असेल. माझ्या नशिबी वर्ग नव्हता. मी एका पोलीस ठाण्यातला जुना लाकडी बाक आहे. तक्रार घेऊन आलेल्या दमल्याभागल्या माणसांना टेकायला मिळावं, म्हणून सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं होतं. पाकीट हरवलेले आजोबा माझ्यावर बसून हुश्श करत. तेवढ्यानेही मला धन्य वाटे.

मग नवे साहेब आले आणि त्यांनी मला कोठडीच्या दाराशी सरकवलं.

कायदा सांगतो, माणसाला अटक केली तर त्याला कारण सांगा, घरी कळवा आणि एका दिवसाच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करा. साहेबांनी पळवाट काढली. अटकेची नोंदच करायची नाही! संशयिताला कोठडीत न घालता माझ्यावर बसवायचं. घरचे आले की सांगायचं, "अटक कुठेय? नुसता बसवलाय." कितीतरी जण माझ्यावर असे दिवस-दिवस 'नुसते' बसले. त्यांचा घाम माझ्या फळ्यांत मुरला आहे. त्या घामाची मला किळस नाही. किळस येते ती त्या 'नुसता' शब्दाची.

एकदा इस्त्रीवाल्याला आणलं. त्याने कपडे पोचवलेल्या घरातली सोनसाखळी गेली होती. कबूल करावं म्हणून हवालदाराने त्याच्या उजव्या हातावर पट्टा ओढला. मध्येच थांबून तो निवांत चहा प्यायला आणि पुन्हा मारू लागला. मला उठून जाता येत नाही, मित्रांनो. सगळं बघावं लागतं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याची बहीण आली. ती नर्स होती, कामावरून तशीच आली होती. साहेबांनी हसत नेहमीचं उत्तर दिलं. तिने भावाचा सुजलेला हात पाहिला आणि शांतपणे म्हणाली,

"दादा, ऊठ. घरी जाऊ."

"ओ बाई, असं नाही नेता येणार त्याला."

"अटक नाही म्हणालात ना? मग तो मोकळा आहे. अडवायचा असेल, तर अटक करा आणि कारण लिहून द्या."

साहेबांचं तोंड आंबट झालं. सगळ्यांसमोर माघार कशी घ्यायची? चरफडत त्यांनी अटक नोंदवली आणि त्याला न्यायालयात नेलं. पुढचं मला हवालदारांच्या कुजबुजीतून कळलं. न्यायाधीशांनी पुरावा मागितला, तो नव्हता. त्यांनी हात पाहिला, डॉक्टरी तपासणीचा हुकूम दिला, इस्त्रीवाल्याला सोडलं आणि साहेबांकडे खुलासा मागितला. साखळी पुढे त्याच घरात, सोफ्याच्या फटीत सापडली. इस्त्रीवाल्याचा अंगठा मात्र आता मिटत नाही. इस्त्री त्याची बायको करते, तो घड्या घालतो. माफी मागायला कोणी गेलं नाही.

आणि साहेब? ते फक्त एवढंच शिकले, की मी नातेवाइकांच्या नजरेला पडता कामा नये. त्यांनी मला मागच्या खोलीत नेऊन टाकलं. तिथे खिडकीही नाही.

मित्रांनो, मला रंग नको, पॉलिश नको. निगा राखायची तर त्या कायद्याची राखा. कोणी विचारणारं नसलं, की तोही आतून किडतो. आणि मोठेपणी कधी ठाण्यात आलात, तर मागच्या खोलीचं दार उघडायला लावा. आत्ताही माझ्यावर कोणीतरी बसलं आहे.