चार फूट पाणी

दोन टर्बाइन बसवली. त्यातलं एक अर्ध्या दमाने फिरतं, दुसऱ्यावर कबुतरं बसतात. कालवा जिथे बारा फूट खाली उतरतो तिथलं हे वीजघर मी आखलं, आणि आता मला पाहिलं की तिथला चौकीदारसुद्धा नजर चुकवतो.

सगळा आराखडा मी बाबांच्या वह्यांवर बेतला होता. बाबा त्याच कालव्यावर पाटकरी होते. रोज सकाळी जाऊन मोजपट्टीवर पाणी किती चढलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. कालव्याला पाणी सोडलं की वहीत चार फूट, कधी चार फूट दोन इंच. दुसऱ्या कुणाची वही असती तर मी वर्षभर स्वतः पाण्यात उतरून मोजलं असतं. बाबांची होती म्हणून डोळे झाकून घेतली. ही चूक माझीच.

कालवा कोरडा पडला तेव्हा मी आत उतरले. भिंतीवर वर्षानुवर्षांच्या पाण्याचा काळा डाग होता, अडीच फुटांपर्यंत. त्याच्या वर काँक्रीट अगदी कोरं. चार फूट पाणी तिथे कधी आलंच नव्हतं. मी डागाचे फोटो काढले.

वीजघर का फसलं याची चौकशी लागली होती, आणि बाबांनाही साक्षीला बोलावलं होतं. घरी ते चौकशीला घालून जायच्या सदऱ्याला इस्त्री करत होते.

"बाबा, मोजपट्टीजवळ जाऊन बघायचात ना तुम्ही?"

"पहिलं वर्षभर गेलो. अडीच लिहिलं. साहेबांनी वही तोंडावर फेकली. म्हणाले, धरणातून चार फूट सोडलंय, मधलं काय तू प्यायलास? कालवा वाटेत गळतो हे सगळ्यांना माहीत होतं गं, पण कागदावर गळायची परवानगी नव्हती. मग चार लिहायला लागलो."

"आणि जाणं?"

"चारच लिहायचं तर एवढी तंगडतोड कशाला?" त्यांनी कॉलर उलटवली.

"मी वह्या नेल्या तेव्हा तरी सांगायचं!"

"तू किती खूश होतीस. सगळ्या गल्लीला सांगत सुटली होतीस, बाबांच्या आकड्यांवर वीज होणार म्हणून."

समितीपुढे मी सगळं सांगितलं. जन्मदात्या बापाविरुद्ध बोलायचं नव्हतं, पण नोकरी जाणार होती, म्हणून बोलले. डागाचे फोटो टेबलावर ठेवले. अध्यक्षांनी ते बाजूला सारले.

"मॅडम, डागावर तारीख नसते, वहीवर असते. धरणाचे आकडे आणि तुमच्या वडिलांचे आकडे तंतोतंत जुळतात. आपलं गणित चुकलं की म्हाताऱ्या बापावर ढकलायचं?"

मग त्यांनी बाबांना आत बोलावलं.

"रोज जाऊन बघत होतात?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "एक दिवस चुकवला नाही, साहेब."

अध्यक्षांनी उठून त्यांच्याशी हात मिळवला. निलंबनाचा कागद मला तिथेच दिला.

परतताना बसमध्ये आम्ही शेजारीशेजारी बसलो, कारण दुसरी जागाच नव्हती. मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्या हाताचा स्पर्शही नको वाटत होता. तीन थांबे गेल्यावर ते म्हणाले, "तू शिकलेली आहेस. तुला दुसरी नोकरी मिळेल."

मी निलंबनाचा कागद पर्समध्ये कोंबला. त्यांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली.

"मला दुसरी तीस वर्षं कोण देणार?"