रुसलेली किटली

"अगंबाई, हिचं तोंड तर बघ!"

दुकानात शिरलेली एक बाई मैत्रिणीचा दंड धरून खो-खो हसत होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून आपल्या खेळण्यात तेल सोडणाऱ्या किल्लीकाकांनी सवयीने घसा साफ केला, शर्टाची कॉलर नीट केली. गिऱ्हाईक हसलं, की "हे कोणी केलं?" असं विचारतं आणि दुकानवाली आपल्याकडे बोट दाखवते, हा इतक्या वर्षांचा शिरस्ता होता.

बाईच्या हातात किटली होती. कापडाची, कापूस भरलेली, कमरेवर हात ठेवून रुसलेली.

"हे कोणी केलं?"

"आमच्या काकूंनी," दुकानवाली म्हणाली. मग काहीतरी राहून गेल्यासारखं वाटून तिने पुस्ती जोडली, "हे बसलेत ना, यांच्या मिसेस."

किल्लीकाका हसले. ते हसू घरी पोचेपर्यंत त्यांच्या गालांत दुखत राहिलं.

दुकान मोठ्या माणसांच्या खेळण्यांचं होतं. ऑफिसच्या टेबलावर ठेवायची, साहेबाचा फोन येऊन गेला की दोन मिनिटं खेळायची, अशी हाताने केलेली खेळणी तिथे मिळत. किल्लीकाकांचा मूळ धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. संध्याकाळी घरच्या बाकावर ते लाकडाची दातेरी चाकं कापत. त्यांच्या खेळण्याची किल्ली फिरवली, की टेबलावर पेंगणारा लाकडी कारकून मान वर करायचा, घड्याळाकडे बघायचा आणि पुन्हा धाडकन डोकं टेकायचा. माणसं वेड्यासारखी हसायची. शोकेसची मधली जागा त्या कारकुनाची होती.

खेळणं जुळून आलं, की शेवटी ते बायकोला हाक मारत, "अगं, तोंड तेवढं रंगवून दे." हातातलं काम ठेवून ती ब्रशचे दोन-चार फटकारे मारून द्यायची. मग किल्लीकाका पायथ्याशी तापलेल्या सळईने स्वतःचं नाव कोरायचे.

गेल्या हिवाळ्यात गुडघा दुखावला आणि बायको घरात अडकली. बसल्या बसल्या तिने चिंध्यांतून आधी एक रुसलेली उशी केली, मग ही किटली, मग पांघरुणात तोंड खुपसलेलं गजराचं घड्याळ. किल्लीकाकांनीच कौतुकाने ती दुकानात नेली. तेव्हा त्यांना वाटलं होतं, बरं आहे, बिचारीचा वेळ जाईल.

आता शोकेसच्या मधोमध किटली होती. कारकून बाजूला सरकला होता, खांबाआड.

एका दुपारी दुकानवालीचा फोन त्यांच्या मोबाइलवर आला. "काका, काकूंना सांगा, एका मोठ्या ऑफिसला सगळ्यांसाठी रुसक्या उशा हव्यात. करतील ना?"

बायको शेजारच्या खोलीत मशीनवर होती. मशीनचा आवाज ऐकू येत होता. ते मशीन त्यांनीच तेलपाणी करून पळतं केलेलं होतं, आणि त्या क्षणी तेही त्यांना फितूर वाटलं.

"नाही जमायचं," ते हळूच म्हणाले. "हात दुखतात तिचे. आता नवीन काही घेऊ नको."

बोलून टाकल्यावर त्यांना फार हलकं वाटलं. संध्याकाळी कारण नसताना त्यांनी बायकोला चहा करून दिला.

दोन दिवसांनी दुकानवाली स्वतःच दारात उभी राहिली. हातात मलमाची ट्यूब. "काकू, माझ्या आईला याने फार आराम पडला. सकाळ-संध्याकाळ बोटांना चोळा. त्या ऑफिसच्या उशांची ऑर्डर काय, अशा नंतरही येतील."

बायकोने ट्यूब घेतली. नवऱ्याकडे एकदा पाहिलं. "बरं झालं आलीस," ती म्हणाली. "माझे हात दुखतात हे मला आज कळलं."

दुकानवाली बिचारी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली आणि चहा न घेताच गेली. आता आकाशपाताळ एक होणार, म्हणून किल्लीकाका मान खाली घालून बसले. पण बायको नुसती उठली. तिने त्यांच्या बाकावरचा रंगांचा डबा उचलला आणि त्यांच्याच पुढ्यात ठेवला.

"तुमची तोंडं आता तुम्हीच रंगवा. माझे हात दुखतात."

किल्लीकाकाही इरेला पेटले. असा कारकून करायचा, की बघणारा जागचा हलणार नाही! नव्या कारकुनाने मान वर केली, घड्याळ बघितलं, उसासा सोडल्यासारखे खांदे पाडले आणि मग डोकं टेकलं. इतकं नाजूक काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. चेहरा रंगवायला मात्र सबंध सकाळ गेली. भुवया समान, ओठ सरळ, डोळे टपोरे. कुठे म्हणून चूक नाही.

दुकानात एका तरुण नोकरदार मुलीने त्याची किल्ली फिरवली. किल्लीकाका श्वास रोखून बघत होते. तिने पुन्हा एकदा फिरवली.

"काय सुरेख चालतं हो!" ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. मग तिने कारकून जपून जागेवर ठेवला, पलीकडची उशी उचलली आणि ओठ दाबूनही तिला हसू आवरेना.

किल्लीकाकांनी कारकून पिशवीत घातला आणि घरी आले. स्पिरिटचा बोळा घेऊन त्यांनी चेहरा पुसून काढला. मग कोरं लाकूड हातात धरून ते बायकोच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"मला बघवत नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुझं बघून लोक हसतात ते."

बायकोने मशीन थांबवलं. "तुमचं बघून हसायचे, तेव्हा मी पिशवी धरून दुकानाच्या दारात उभी असायची. लोक तुमचा हात हातात घ्यायचे. मला काय वाटायचं, कधी विचारलंत?"

"तू कधी बोलली नाहीस."

"बोलून काय करू? माझ्याही पोटात दुखायचंच की. पण तुमच्या कारकुनाचं चाक मी कधी काढून ठेवलं नाही."

किल्लीकाकांनी कारकून तिच्या टेबलाच्या कडेला ठेवला. तिने तो पाहिला, हात लावला नाही. "आज नाही," एवढंच म्हणाली. "त्या ऑफिसच्या उशांचं काम घेतलंय मी."

ते परत फिरले नाहीत. जमिनीवर कापसाचा ढीग होता. ते खाली बसले आणि एक रिकामी खोळ ओढून त्यात कापूस कोंबू लागले. वर बायकोने एका उशीवर ओठाचा एकच टाका वाकडा घातला आणि उशी रुसली. किल्लीकाकांना ते पुन्हा बघवलं नाही; त्यांनी कापूस आणखी जोरात कोंबला.

बायकोने खाली वाकून त्यांच्या हातातली खोळ दाबून पाहिली.

"कोपरे पोकळ राहिलेत," ती म्हणाली. "आधी कोपरे भरायचे."

त्यांनी सगळा कापूस बाहेर काढला आणि बोटाने, पहिल्या कोपऱ्यापासून, भरायला घेतला.