कशाचंच नाही

नानासोंनी हात वर केला, तसा दुसऱ्यांदा सुरू झालेला लालासाहेबांचा गज तारेवरच थांबला.

"बास, मास्तर. आता ह्याच्यात काय हाय, तेवढं सांगा."

लालासाहेबांनी व्हायोलिन खांद्यावरून उतरवून मांडीवर घेतलं. पलटणीच्या बँडमधून निवृत्त झाल्यावर ते माधवनगरला पाश्चात्त्य संगीताचा वर्ग चालवत. नानासोंची बायको सुला त्या वर्गात बरीच वर्षं शिकली. तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. रविवारी सांगलीत वर्गातली मंडळी तिच्या आठवणीत ही धून वाजवणार होती, आणि नानासो नको म्हणाले तर वाजवणार नव्हती. ते ठरवायलाच नानासो कुपवाडचा कारखाना बंद ठेवून आले होते.

"काय असणार? सूर आहेत."

"सूर मलाबी ऐकू येत्यात. कुणाबद्दल हाय?"

लालासाहेब जरा हसले. "नानासो, संगीत दोन तऱ्हेचं असतं. एक गोष्ट सांगतं. पलटणीत आम्ही लढाई वाजवायचो. ढोल म्हणजे तोफा, कर्णा म्हणजे चढाई, शेवटी बासरी म्हणजे मेलेल्यांची गावं. साहेबलोकांना आधी तसं सांगायचं, मग ते डोळे पुसायचे. दुसरं संगीत कशाचंच नसतं. एक सूर दुसऱ्याला उत्तर देतो, संपलं. हे त्यातलं."

"म्हंजे कुणाचंच न्हाई."

"कुणाचंच नाही."

नानासोंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सुलाही असंच म्हणायची. दर गुरुवारी ते तिला स्कूटरवरून इथं सोडत आणि समोरच्या टपरीवर बसून राहत. वर्गाच्या खिडक्या बंद असत. व्हायोलिन वर्गाचं होतं, ते घरी कधी आलं नाही. ते टेकून तिच्या जबड्याखाली पडलेला लाल वळ मात्र घरी यायचा.

"काय वाजवलंस?" ते विचारत.

"काय न्हाई."

"आन् कशाचं हुतं ते?"

"आवं, कशाचंच न्हाई!" असं म्हणून ती ताटं घ्यायला लागे. जेवताना नानासो त्या वळाकडं बघत राहत.

"मास्तर, सरळ बोलतो. तुमी माझ्या बायकोवर गाणं केलंय, आन् वर कशाचंच न्हाई म्हणताय."

लालासाहेबांचे कान लाल झाले.

"मी केलेलंच नाही ते. वहिनींनी केलंय."

"सुलानं?"

"बाकीचे यायच्या आधी वाजवायच्या. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा विचारलं, वहिनी, कशाबद्दल हो हे? तर हसल्या. कशाचंच न्हाई म्हणाल्या. मी शिकवलेलं मलाच सांगत होत्या." ते गजाचा स्क्रू उगाच पिळत राहिले. "मला पटलं नाही. वाटलं, नवऱ्याबद्दलच असणार. खरं सांगू? तुम्ही टपरीवर बसलेले दिसायचात, तुम्हाला ते ऐकू जाऊ नये म्हणून मी खिडक्या लावून घ्यायचो."

बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं. ती चालू होत नव्हती.

"माझ्याबद्दलच हाय," नानासो म्हणाले.

"सांगितलं होतं तुम्हाला?"

"व्हय. लय आधी."

लालासाहेबांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "कुठं आहात तुम्ही त्यात?"

नानासोंनी गुडघ्यावरची टोपी उचलून हातात फिरवली. "मधी ते थांबतंय बघा. तिथं."

"असं होय." लालासाहेबांनी गजाचा स्क्रू सोडला. "मग रविवारी वाजवण्याआधी लोकांना तसं सांगू?"

"सांगा."

लालासाहेबांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि पहिल्यापासून वाजवायला घेतलं. ती जागा आली तेव्हा त्यांनी गज उचलला आणि डोळे मिटून थांबले. मघाशी इतके थांबले नव्हते. नानासो टोपी हातात धरून ताठ बसले होते. सुला तिथं किती थांबायची, हे त्या खोलीत फक्त लालासाहेबांना ठाऊक होतं, आणि सुलानं सांगितलंय म्हटल्यावर नानासोंना ते विचारायची सोय आता राहिली नव्हती.