लिंबाखालचा तळहात

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेला बांधतात तो नव्हे, हातात चढवून फिरवतात तो. माझं पातं लांब आणि लवचिक आहे. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ मला आहे. आज मी गंजून मंगरूळपीरच्या एका बंद खोलीत खिळ्याला टांगलेला असतो.

मला वाशीमच्या एका लोहाराने घडवलं. तो मला वाकवून सोडायचा आणि मी सरळ झालो नाही की पुन्हा विस्तवात घालायचा. मग मी दौलतसिंग उस्तादांच्या आखाड्यात आलो. त्यांच्या हातात मी फिरू लागलो की लोक मागे सरत. मिरवणुकीत बाया मला कुंकू लावत. चांगले दिवस होते ते. पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती गिरजा.

गिरजाचे वडील शालिग्राम माळी. नाल्याकाठच्या मळ्यात वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून ते बाजारात विकत. त्यांची बायको मनकर्णाबाई तापाने गेली आणि घरात बापलेक दोघंच उरले. बाजाराच्या दिवशी ते लेकीला उस्तादांच्या घरी ठेवून जात. आखाडा अंगणातच होता. पाहता पाहता गिरजा काठी शिकली, आणि पुढे मला फिरवू लागली.

शालिग्रामच्या मोठ्या बहिणीला, प्रयागबाईला, हे पसंत नव्हतं.

"काय रे, पोट्टीले सासरी लिंबं कापाले धाडतं काय?"

"शिकू दे ना बाई. माय गेल्यापासून ते हासली त तिथंच."

लिंबाचं बोलणं उगीच नव्हतं. आखाड्यात दसऱ्याला परीक्षा असे. घरच्या माणसाने तळहातावर लिंबू धरायचं आणि शिकणाऱ्याने माझ्या एका फटक्यात त्याचे दोन तुकडे करायचे. खालच्या हाताला ओरखडाही येता कामा नये. गिरजाच्या घरी हात पुढे करायला बापाशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

त्या वर्षी दसरा जवळ आला तशी शालिग्रामची भाकर ताटात राहू लागली. आपल्या हाताची भीती त्यांना नव्हती. हात कापला तर बरा होतो. पण मनकर्णाबाई गेली तेव्हा हे लेकरू कित्येक दिवस म्हणत होतं, "मीनं पानी येळेवर नाई देल्लं." आता बापाचं रक्त तिच्या हातून सांडलं तर ती ते कुठे ठेवील?

परीक्षेच्या आदल्या दिवशी मला तेल लावायला शिकणाऱ्याच्या घरी देत. गिरजा मला भिंतीशी टेकवून मेथी खुडायला गेली. शालिग्रामनी विळ्याला धार लावायचा दगड उचलला आणि माझी धार आडवी घासून घालवली. घासताना त्यांचे ओठ हलत होते. मला ओरडावंसं वाटलं. अहो, धारेचा पट्टा लिंबात शिरतो आणि हलक्या हाताने थांबतो. बोथट पट्टा सालीवरून घसरतो. मग तो कुठे जाईल, हे मारणाऱ्यालाही कळत नाही. पण मला तोंड कुठे होतं?

दसऱ्याला आखाड्यात गर्दी जमली. गिरजाची एक सवय होती. मला हातात चढवण्याआधी ती सांभाराची काडी माझ्या धारेवर ओढून पाही. त्या दिवशी काडी नुसतीच वाकली.

"बा, याले कोनं घासलं?"

शालिग्राम खाली पाहत म्हणाले, "मीनं."

"काहून?"

"मले लागलं असतं, त तू जलमभर रडत बसली असती."

गिरजाचे डोळे भरले. "बा, याच्यानं लिंबू घसरते. मंग मले जोर लावा लागते. जोर लावला का हात थांबत नाई."

शालिग्रामचा चेहरा पांढरा पडला. दौलतसिंग पुढे आले. "वा रे माळीबुवा! वांगं तोडाले इळा बोथा नेतं काय? पोरी, औंदा राहू दे. पुढच्या साली पाहू."

गिरजा हलली नाही. तिने मला बापापुढे धरलं. "उस्ताद, गावात बाच्यावानी धार कोनाले लावता येत नाई. बा, तूच लाव."

शालिग्रामनी दगड मागवला. साऱ्या गावासमोर मांडी घालून ते बसले आणि आपल्याच हातावर पडायची धार लावू लागले. धार सरळ लागली. काडी पटकन तुटली. मग त्यांनी लिंबू तळहातावर घेतलं आणि डोळे घट्ट मिटले.

"बा, डोये उघड. तू भेला का मीबी भेतो."

त्यांनी डोळे उघडले आणि लेकीकडे पाहिलं. मी खाली आलो, लिंबात शिरलो, कातडीला नुसता टेकलो आणि थांबलो. "आई गं!" शालिग्राम ओरडले. गिरजा पांढरीफटक झाली.

"लागलं काय, बा?"

"नाई वं, हाताच्या भेगाइत लिंबू झोंबलं!"

आखाडा हसला. बापलेक मात्र हसता हसता रडत होते.

पुढे गिरजा लग्न होऊन धनजला गेली, उस्तादही गेले. मला कोणी काढेना. मित्रांनो, कुठे माझ्यासारखं जुनं हत्यार टांगलेलं दिसलं तर मोठ्यांना सांगून त्याला तेल लावा. आणि तुमच्या काळजीने घरचं कोणी असं काही करून बसलं, तर त्यांच्यावर रागावू नका. त्यांना जवळ बोलवा, काय चुकलं ते सांगा आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आपलं काम करा.